381 दिवसांची शिदोरी

माँटगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यूवर उभं राहिलं की शंभर वर्षांचा इतिहास एका नजरेत मावतो. वर टेकाडावर अलाबामाचं विधानभवन. गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष म्हणून जेफरसन डेव्हिस यांनी 1861 साली तिथेच शपथ घेतली. खाली हाकेच्या अंतरावर लाल विटांचं बैठं चर्च. मार्टिन ल्यूथर किंग तिथले पाद्री होते.

अटलांटाहून आलेली आमची मंडळी फोटो काढण्यात गुंग होती. आमच्यातल्या एक आजी मात्र पायरीवर टेकल्या. त्यांचं बालपण याच गावातलं, आई धुण्याभांड्याची कामं करायची. ‘‘आम्ही काळ्यांनी बसच्या पुढच्या दाराने चढायचं, दहा सेंट द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं,’’ त्या सांगत होत्या. ‘‘कधी कधी तेवढ्यात बस सुटायची. पैसेही गेले आणि बसही गेली!’’

1 डिसेंबर 1955 रोजी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली, हे फारसं कुणी सांगत नाही. पत्रकात हाक होती बसवर एका दिवसाच्या बहिष्काराची. तो चालला 381 दिवस.

एवढे दिवस माणसं कामावर गेली कशी? आजींच्या गप्पांत त्याचं उत्तर होतं. कुणी मैलोन्‌मैल पायपीट करायचं, कुणाला चर्चची गाडी ठरलेल्या कोपऱ्यावरून उचलायची. कितीतरी गोऱ्या मालकिणी स्वतः गाडी काढून मोलकरणीला न्यायला यायच्या. महापौरांनी तंबी दिली, तरी त्या बधल्या नाहीत. घरचं काम करायला महापौर थोडेच येणार होते!

आणि पेट्रोलचे पैसे? ते पुरवणाऱ्यांत जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण होती. तिने बायका जमवल्या. त्या घरोघरी केक, पाई आणि तळलेलं चिकन करून विकायच्या. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं कुणी दरडावलंच, तर ‘कुठूनच नाही’ म्हणायची सोय. बहिष्कारावरून किंग यांच्यावर झालेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर तिची नोकरी गेली, तेव्हा तिने घरातच खानावळ थाटली.

हे ऐकताना मला आजोबांकडून ऐकलेलं महाड आठवलं. 1927 साली पाण्याच्या हक्कासाठी जमलेल्या त्या परिषदेला पिण्याचं पाणीच 40 रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. चवदार तळ्याच्या कथेत आजोबा हा हिशेब कधी गाळत नसत.

पुढे सेल्माचा पूल पाहिला. मधोमध उंचवटा असल्यामुळे चढताना पलीकडचं टोक दिसत नाही. 7 मार्च 1965 रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेले सुमारे 600 मोर्चेकरी माथ्यावर पोचले, तेव्हा कुठे त्यांना समोर दंडुके घेतलेले पोलीस दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला.

सहलीत पूल आणि चर्च दाखवतातच. तुम्ही गेलात, तर डेरिकोट स्ट्रीटवरचं गिलमोरबाईंचं घरही दाखवायला सांगा. किंग आणि त्यांचे सहकारी त्या घरी जेवायला जमायचे आणि तिथेच पुढचे बेत ठरायचे. बहिष्काराच्या यशात त्या स्वयंपाकघराचा वाटा चर्चच्या व्यासपीठाहून कमी नाही.