इंजिनिअरिंगची मुलं सूत्रं पाठ करतात, पण प्रश्न विचारायला कधी शिकतात?

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर करमाळा तालुक्यातलं जेऊर स्टेशन लागतं. इथून जवळच उजनीचं बॅकवॉटर. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि या भागातली शेती बदलली. ऊस आला, केळी आली आणि बॅकवॉटरपासून रानापर्यंत लांबच लांब पाइपलाइनी आल्या. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की शेतकऱ्याला मोटार उचलून पाण्याच्या मागे जावं लागतं. मोटार वरच ठेवून नुसता पाइप वाढवला तर एका टप्प्यानंतर ती पाणी उचलत नाही. मग कुणीतरी सांगतं, जास्त एचपीची मोटार बसव.

आता याच घरातला मुलगा किंवा मुलगी सोलापूर, पंढरपूर किंवा पुण्याच्या कॉलेजात मेकॅनिकल वा सिव्हिलला आहे असं धरू. दुसऱ्या वर्षाला ‘फ्लुइड मेकॅनिक्स’ झालेलं असतं. बर्नुलीचं समीकरण सिद्ध करून दाखवता येतं, सेंट्रिफ्युगल पंपाची आकृती काढता येते, ‘प्रायमिंग म्हणजे काय’ याला पूर्ण मार्क पडलेले असतात. पण घरी वडिलांनी विचारलं, ‘दहाची मोटार बसवली तर पाणी उचलेल का?’, तर उत्तर येईल का?

उत्तर ‘नाही’ असं आहे. काठावरची मोटार पाणी ओढत नसते. ती पाइपातला दाब कमी करते आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. उजनीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं तो आकडा पावणेदहाच्या आसपास येतो. घर्षण आणि इतर तोटे धरले तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढं भरवसा नाही. एचपी दुप्पट केला तरी हवेचा दाब वाढत नाही. सबमर्सिबल मोटार पाण्यातच बसते आणि खालून ढकलते, म्हणून तिला ही मर्यादा नाही.

यासाठी लागणारी सगळी माहिती त्या विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये आहे. नसतं ते एवढंच, की ही माहिती या प्रश्नाला लागू होते हे ओळखणं. चिकित्सक विचार म्हणतात तो हाच.

आकडे काय सांगतात?

२०२१ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात चार देशांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास आला. भारत, चीन, रशिया आणि अमेरिकेतल्या कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रिकल शाखांच्या हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या. भारतीय विद्यार्थ्यांचं विषयज्ञान पहिल्या दोन वर्षांत वाढलेलं दिसलं, म्हणजे कॉलेजात काहीच शिकवत नाहीत हा आरोप टिकत नाही. पण अमेरिकेच्या तुलनेत भारत, चीन आणि रशियातल्या विद्यार्थ्यांची चिकित्सक विचाराची क्षमता चार वर्षांत वाढली नाही.

मुलं तसं का शिकतात?

कारण ते व्यवहाराला धरून आहे. सेमिस्टर चार महिन्यांचं, विषय पाच-सहा, त्यात प्रॅक्टिकल, सबमिशन, वायवा. शेवटी पीएल लागते आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर हातात येतात. प्रश्न फिरून फिरून तेच येत असतील, तर ‘आयएमपी’ काढून पाठ करणारा मुलगा आळशी नाही, तो परीक्षेला नीट ओळखून आहे. जेऊरसारख्या ठिकाणाहून येणाऱ्याला तर केटी परवडतच नाही. एक वर्ष मागं पडलं की फी, खोलीचं भाडं आणि मेसचं बिल पुन्हा सुरू.

त्यात भर घरातल्या आणि वर्गातल्या सवयीची. प्रश्न विचारला की ‘उलट बोलतो’ आणि शंका काढली की ‘जास्त शहाणा’. चिकित्सा म्हणजे सरांना खोटं पाडणं असं समजलं गेलं, की हुशार मुलंही गप्प बसायला शिकतात.

वाचताना नेमकं काय सुटतं?

इंजिनिअरिंगचं पुस्तक कादंबरीसारखं वाचता येत नाही, आणि वर्तमानपत्रासारखं तर नाहीच. त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बहुतेक वेळा सूत्राच्या आधीचं असतं, आणि विद्यार्थी नेमकं तेच ओलांडून चौकटीतल्या सूत्राकडे जातात.

बर्नुलीचंच घ्या. समीकरणाआधी अटी लिहिलेल्या असतात: प्रवाह स्थिर हवा, द्रव दाबला न जाणारा हवा आणि घर्षण नसावं. बॅकवॉटरपासून दोन-तीन किलोमीटर नेलेल्या पाइपात तर घर्षण हीच मुख्य गोष्ट आहे. तिथं मूळ सूत्र तसंच वापरलं तर उत्तर गणिताच्या दृष्टीनं बरोबर आणि शेताच्या दृष्टीनं चूक येतं. अशा ठिकाणी डार्सी-वाइसबाखचं सूत्र लागतं. त्याची फोड केली की एक चकित करणारी गोष्ट दिसते: तेवढंच पाणी न्यायचं असेल आणि घर्षणांक तोच धरला, तर घर्षणाचा तोटा व्यासाच्या पाचव्या घातानं कमी होतो. तीन इंचीऐवजी चार इंची पाइप टाकला तर तोटा जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. पाइपात वाचवलेले पैसे पुढं वर्षानुवर्षं वीज खाते.

हे सूत्र हजारो मुलांनी लिहिलेलं असतं. ‘व्यास निम्मा केला तर काय होईल?’ असं त्याला विचारलेलं नसतं (बत्तीसपट तोटा होईल). सूत्र वाचण्याची रीत हीच: प्रत्येक अक्षर कशासाठी आहे, एकक जुळतं का, एखादी राशी शून्य किंवा खूप मोठी केली तर उत्तर पटण्यासारखं येतं का आणि हे सूत्र कुठं लागू होणार नाही. एका पानाला अर्धा तास लागला तर लागू द्यावा.

पुन्हा पुन्हा वाचलं की लक्षात राहतं?

परीक्षा उद्या सकाळी असेल तर हो. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४० टक्केच आठवलं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

पीएलमध्ये हायलायटर फिरवणं किंवा रात्री ‘वन शॉट’ व्हिडिओ पाहणं यातून ‘कळलं’ असं वाटतं, ते या पाच मिनिटांच्या चाचणीसारखं असतं. वही मिटून कोऱ्या कागदावर तीच आकृती काढायला घेतली की खरं काय ते दिसतं.

वर्गातही असाच चकवा आहे. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. ज्यांनी गटात बसून स्वतः गणितं सोडवली ते चाचणीत पुढं होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार लेक्चर ऐकणाऱ्यांना उलट. सरांचं शिकवणं ‘एकदम क्लिअर’ वाटलं याचा अर्थ विषय क्लिअर झाला असा नाही.

मोठ्या वर्गात हे जमत नाही, ही तक्रार नेहमीची. पण पवईच्या आयआयटीत प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात हे करून पाहिलं गेलं: आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्यांसमोर. २०१३ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांत सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले.

इंग्रजीचं काय?

बारावीपर्यंत मराठीत विचार करणाऱ्याला इंग्रजी पुस्तकात दोन कामं एकाच वेळी करावी लागतात, भाषा उलगडणं आणि कल्पना उलगडणं. मग तो व्याख्या पाठ करतो, कारण स्वतःच्या शब्दांत मांडताना भाषा चुकण्याची भीती असते. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं २०२१ मध्ये मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम सुरू केला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठीतले धडे मोफत मिळतात. ज्यांना इंग्रजीतूनच शिकायचं आहे त्यांनाही एक गोष्ट करता येते: संज्ञा इंग्रजीच ठेवून कल्पना आधी मराठीत, घरच्यांना सांगितल्यासारखी लिहायची. तिथं अडखळलं तर अडचण इंग्रजीची नव्हती.

व्यवस्था बदलतेय का?

कागदावर बरीच. भारत जून २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’चा पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून मानांकन हवं असलेल्या कॉलेजांना विद्यार्थी काय करू शकतो हे दाखवावं लागतं. प्रत्येक प्रश्नापुढं ब्लूमची पातळी लिहिली जाते. पण ‘स्पष्ट करा’ खोडून ‘विश्लेषण करा’ लिहिलं आणि उत्तर तेच पाठांतराचं अपेक्षित ठेवलं, तर बदलतो तो फक्त एक्सेलचा तक्ता.

जास्त आशादायक प्रयत्न वर्गाबाहेरचा आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारनं आयआयटी मुंबईच्या सहभागानं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केलं. अभियांत्रिकी कॉलेजांनी आपल्याच जिल्ह्यातल्या पाण्यासारख्या प्रश्नांचा अभ्यास करावा अशी त्यामागची कल्पना. करमाळ्यात अशा प्रकल्पांना तोटा नाही. दहिगाव उपसा सिंचन योजना उजनीचंच पाणी उचलते. एखाद्या गटानं दहा शेतकऱ्यांच्या पाइपांचा व्यास, लांबी, मोटारीची उंची आणि वीजबिल मोजून आणलं, तर कोणत्याही गाइडमध्ये तयार उत्तर नसलेला प्रश्न त्यांच्या हातात येईल.