'सिस्टिमॅटिकली' म्हणजे नुसतं 'व्यवस्थित' नाही! मग काय?

'आय वर्क सिस्टिमॅटिकली.' बायोडेटात हे वाक्य तुम्हीही कधीतरी टाकलं असेल. पण अर्थ विचारला की पटकन तोंडात येतं 'व्यवस्थित'. तो अर्धाच अर्थ आहे.

व्यवस्थित म्हणजे काम नीट झालं, एवढंच. सिस्टिमॅटिकली म्हणजे ते ठरलेल्या पद्धतीने आणि क्रमाने झालं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, पद्धतशीरपणे.

फरक बघायचा तर पावसाळ्यात भोर किंवा वेल्ह्याच्या भातखाचरात जा. नेहमीच्या लावणीत अंतर हाताच्या अंदाजाने ठरतं. कसबी हात असतील तर खाचर छान भरतं. ही झाली व्यवस्थित लावणी. आता डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री पद्धत बघा. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीच्या वेळी गिरीपुष्पाचा पाला, मग खुणा केलेल्या दोरीवर आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतराने लावणी. शेवटी जवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गोळी खोल असल्याने खत पाण्याबरोबर सहजी वाहून जात नाही. आणि अंतर चुकलं, तर गोळीची जागाही चुकते! म्हणजे एक पायरी दुसरीवर अवलंबून. ही लावणी सिस्टिमॅटिकली झाली.

वाक्यात हा शब्द बहुधा शेवटी येतो: 'दे प्लांटेड द राइस सिस्टिमॅटिकली.'

पण याची दुसरी बाजू जास्त जपून वापरायची आहे. 'अवर कंप्लेंट्स वेअर सिस्टिमॅटिकली इग्नोअर्ड.' इथे शब्द क्रियापदाच्या आधी आलाय आणि अर्थ झालाय 'पद्धतशीरपणे डावललं'. गावच्या रस्त्याची एक तक्रार कुठेतरी पडून राहिली, तर हा शब्द चालत नाही. पुन्हा पुन्हा, एकाच रीतीने डावललं गेलं, तरच तो वापरा. पोस्ट टाकताना हा शब्द आला की तो थेट आरोप होतो. अर्जांच्या तारखा, पोचपावत्या हाताशी हव्यात.

'सिस्टिमिकली' हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ संपूर्ण यंत्रणेत भिनलेलं. तिथे कुणी ठरवून केलंच असेल असं नाही.

आणि हो, स्पेलिंग. 'सिस्टिमॅटिक'ला नुसतं 'एल-वाय' नाही, 'ए-एल-एल-वाय' लागतं. उच्चारात मात्र तो 'ए' जवळपास गायब होतो.