पस्तीस हजार तास

आदिवासी विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या आदिवासी मुलामुलींनाही खुली आहे. अर्ज भरायला निघालेल्या मुलीला आपण अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचं नाव सांगतो आणि पदवीच्या दिवशी गोष्ट थांबवतो. ती गोष्ट २६ फेब्रुवारी १८८७ च्या रात्री पुण्यात संपली. त्या रात्रीपासून मागे मोजत ती सांगायला हवी, कारण धोक्याच्या खुणा पहिल्यापासून दिसत होत्या.

सुमारे ३५,१०० तास आधी : २४ फेब्रुवारी १८८३

बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई इंग्रजीत भाषण करतात. वय अजून अठरा पूर्ण नाही. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलेलं. अमेरिकेला का जायचं, एकटीनं का, वाळीत टाकलं तर काय, हे लोकांचे प्रश्न त्या एकेक करून घेतात आणि उत्तरं देतात. या देशाला हिंदू स्त्री डॉक्टर हव्या आहेत आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्या सांगतात. भाषण गाजतं, मदत येऊ लागते.

पण त्याआधीपासूनच त्यांना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप आहे. न्यू जर्सीतल्या रोझेलहून, पत्रांतून मैत्री झालेल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी पाठवलेल्या औषधांचा उपयोग झालेला नाही. माझ्या मते इथेच सगळं थांबवून आधी तब्येत पाहायला हवी होती. मात्र भर सभेत दिलेला शब्द आता मागे घेता येण्यासारखा राहिलेला नव्हता.

३४,१०० तास : ७ एप्रिल १८८३

कलकत्त्याहून बोट सुटते. पती गोपाळराव सोबत नाहीत, काही मिशनरी स्त्रिया आहेत. न्यूयॉर्कला पोचायला ४ जून उजाडतो. मांसाहार न करण्याचा निश्चय त्या बोटीवरही मोडत नाहीत, त्यामुळे पोटाला नीट अन्न नाही. दुखणं अंगावर असताना झालेला हा ५८ दिवसांचा प्रवास आपण एका वाक्यात उरकतो.

१८८३ ते १८८६ : फिलाडेल्फिया

घड्याळ सर्वात वेगानं याच काळात धावलं. पेनसिल्व्हेनियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, डीन रेचल बॉडली, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, प्रसूती, सगळं परक्या भाषेत. अंगावर साडी, बाहेर बर्फ. खोलीतली शेकोटी धूर कोंडणारी. पेटवली तर श्वास घेणं अवघड, विझवली तर थंडी. स्वयंपाक स्वतःच्या हातचा. पुढे त्यांचा जीव घेणाऱ्या क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये जाहीर केला होता, पण त्यावरचं औषध अजून साठ वर्षं दूर होतं.

त्यातच प्रबंध. विषय, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं शेजारीशेजारी ठेवून त्यांनी तो लिहिला. मला त्यांचं सर्वात मोठं काम हेच वाटतं. आपल्याकडचं ज्ञान त्यांनी परक्या कॉलेजात पुराव्यानिशी मांडलं, आणि तेही दोन्ही परंपरा वाचून. १८८५ मध्ये गोपाळराव अमेरिकेत आले. त्यांची तिथली व्याख्यानं वादग्रस्त ठरली. त्यामुळे घरातही विसावा मिळाला असेल, असं वाटत नाही.

८,४५० तास : ११ मार्च १८८६

पदवीदान. पंडिता रमाबाई समारंभाला हजर. व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश येतो. आपण टाळ्या वाजवून थांबतो ते इथे.

३,३६० तास : ९ ऑक्टोबर १८८६

न्यूयॉर्कहून परतीची बोट. कोल्हापूर संस्थानानं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केलेली आहे. पण अंगात ताप आहे, खोकला आहे. पुन्हा तोच समुद्र.

२,४५० तास : १६ नोव्हेंबर १८८६

मुंबई. सत्कार होतात. ज्या कामासाठी हे सारं केलं, त्या कोल्हापूरच्या कामाला मात्र त्यांना कधीच हात लावता येत नाही.

शेवटचे तास : २६ फेब्रुवारी १८८७

पुण्यात उपचार चालू होते, पण क्षयावर खात्रीचा उपाय तेव्हा जगात कुणाकडेच नव्हता. रात्री त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. अस्थी अमेरिकेला कार्पेंटर कुटुंबाकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला त्यांच्या स्मशानभूमीत ठेवल्या गेल्या.

आनंदीबाईंकडे जिद्द कमी नव्हती. तब्येतीसाठी मात्र त्यांना वेळ मिळाला नाही, आणि त्यांचा आजार बरा करणारं औषधही नव्हतं. आज ते आहे. साध्या क्षयाचे उपचार बहुधा सहा महिन्यांचे असतात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सहा महिन्यांहून जास्त काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला क्षयाची तपासणी करावीच लागते. सुरगाण्याच्या मुलींनो, मुलांनो, अर्ज भराच. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल तर तिकिटाआधी ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासून घ्या. आणि परदेशात अंग मोडून आलं, तर एखादं भाषण रद्द करा, प्रबंधाला मुदतवाढ मागा आणि आधी डॉक्टरकडे जा.