आपले गाव : वाटा आणि वस्ती

ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थ व मुंबईकर मंडळी यांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला, ही आपणा सर्वांस आनंदाची गोष्ट आहे. देऊळ ज्यांचे, ती माणसे कोणत्या वाटेने गेली-आली आणि गावात किती राहिली, याची थोडी नोंद या शुभप्रसंगी व्हावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आपला राजापूर तालुका पूर्वी दळणवळणात मागे नव्हता. राजापूर हे नामांकित बंदर होते. खाडीतून गलबते शहरापर्यंत येत व माल बैलांवर लादून अणस्कुरा घाटाने देशावर जाई. येथील इंग्रजांची वखार 1661 साली शिवाजी महाराजांनी लुटली, हे सर्वश्रुत आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली आणि बंदराची रया गेली.

मग माणसांनी मुंबईची वाट धरली. येथे जमीन कातळाची व शेती पावसाच्या भरवशाची. तेथे गिरण्यांना कामकरी हवे होते. खाडीच्या तोंडाशी जाऊन आगबोट गाठावी लागे. पावसाळ्यात बोटी बंद. घरी बायका-मुले व म्हातारी माणसे राहत आणि मनिऑर्डरीवर चूल पेटे. 2011 च्या जनगणनेतही आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आढळल्या, त्याचे मूळ यातच आहे.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्यातील पहिली एस. टी. धावली. कालांतराने लाल गाडी आपल्याकडेही आली, परंतु ती हमरस्त्यापुरती. तेथून वाडीवर जाण्यास पाखाडी, पऱ्यावर साकव आणि आजाऱ्यास डोली, हेच साधन होते. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली व मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली.

सोय झाली म्हणजे वस्ती वाढेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 16,96,777 होती, ती 2011 साली 16,15,069 झाली. म्हणजे दहा वर्षांत 81,708 माणसे घटली. त्याच काळात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली.

रस्ता नाही म्हणून माणसे गेली, हे खरे आहे. परंतु माणसे थोडी म्हणून रस्ता लांबला, हेही तितकेच खरे आहे. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागात 500 लोकवस्तीची अट होती. ठरावीक डोंगरी राज्ये, वाळवंटी व आदिवासी भागांत ती 250 होती. त्यासाठी 2001 च्या जनगणनेचे आकडे धरले गेले आणि हिशेब महसुली गावाचा नव्हे, तर वस्तीचा होता. कोकणातील गाव वाड्या-वाड्यांत विखुरलेले. वाडीतील निम्म्या घरांना कुलूप असेल, तर आकडा कोठून भरणार?

म्हणून एक नम्र सूचना करावीशी वाटते. 2021 ची जनगणना कोरोनामुळे होऊ शकली नाही. पुढील जनगणनेसाठी जून 2025 च्या अधिसूचनेने 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरविली. माणसाची नोंद होते ती त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी. मुंबईत राहणाऱ्यांनी तेथेच नोंद द्यावी. दोन ठिकाणी देऊ नये. परंतु नोकरीतून निवृत्त होऊन जे गावी कायमचे राहावयास आले आहेत, त्यांनी मुलाच्या मुंबईच्या बिऱ्हाडी नाव न घालता येथे घालावे. एका-एका नावाने वाडीचा आकडा भरतो, आणि रस्ता मागताना तोच आकडा कागदावर बोलतो.

मंदिरासाठी देणगीदारांनी सढळ हाताने दिले, त्याबद्दल त्यांचे उपकार मोठे आहेत. पण देवळात रोजची सांजवात लावावयास गावात माणूस हवा. शिमग्यात पालखीला खांदा देण्यास मुंबईकर आवर्जून येतात. वर्षाचे उरलेले दिवस ज्या घरांतून धूर निघतो, त्या घरांवरच गाव उभे आहे. ती घरे ग्रामदेवतेने नांदती ठेवावीत, हीच तिच्या चरणी प्रार्थना.