ई-ऑफिस ७.०
१४. सरकारी कार्यालयांतल्या फायलींसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (स्थापना १९७६, मुख्यालय लोधी रोड, नवी दिल्ली) केलेली प्रणाली. ई-फाइल, ई-लीव्ह, ई-टूर हे तिचे काही घटक. अशा बहुघटकी प्रकल्पांत जुनाच पेच असतो : सगळ्यांना एकच आवृत्ती-क्रमांक द्यावा, की ज्याचा त्याला? एकच दिला, तर हातही न लावलेला घटक उगाच पुढे सरकतो; वेगवेगळे दिले, तर कोणाचे कोणाशी जुळते याचा तक्ता ठेवावा लागतो, आणि तो तक्ता (जाणकार हसतील) कायम मागे पडलेला असतो. रूढ संकेतानुसार ७.२.१ मधला शेवटचा आकडा दुरुस्त्यांचा, मधला नव्या सोयींचा. पहिला वाढला की जुन्याशी जुळण्याची हमी संपली. मंत्रालयांना ७.० वर स्थलांतरच करावे लागले. मूळ मजकुरातला ‘किरकोळ सुधारणा’ हा शब्दप्रयोग त्यामुळे पटत नाही. – संपा.