काशीची दगडी यंत्रे, समुद्रावरील घड्याळ आणि रेखांशाचा प्रश्न

वाराणसी : येथील मानमंदिर घाटावरील महालाच्या गच्चीवर दगड-चुन्यात बांधलेली वेधयंत्रे आहेत. जयपूरचे महाराजा सवाई जयसिंह यांनी ती १७३७च्या सुमारास उभारली. त्यांतील सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिची सावली वर्तुळाकार पट्टीवर सरकते आणि काशीची स्थानिक सौर वेळ दाखवते. एकोणिसाव्या शतकात येथील संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करणारे, मूळचे पुण्याचे ज्योतिर्विद बापूदेव शास्त्री यांनी या यंत्रांचे वर्णन लिहून ठेवले.

जमिनीवर स्थानिक वेळ पुरेशी असते; समुद्रात मात्र तेवढ्याने भागत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे वेळेत ४ मिनिटांचा फरक पडतो. सूर्यावरून काढलेली जहाजावरची वेळ आणि मूळ बंदराची त्याच क्षणीची वेळ यांतील फरकावरून जहाजाचा रेखांश कळतो. त्यासाठी बंदराची वेळ घड्याळात बिनचूक राखावी लागते. एका मिनिटाची चूक विषुववृत्ताजवळ सुमारे २८ किलोमीटरची ठरते.

स्थानाचा अंदाज चुकल्याने १७०७मध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजे सिली बेटांजवळ बुडाली आणि हजाराहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. या प्रश्नाच्या उत्तरासाठी ब्रिटिश संसदेने १७१४मध्ये २० हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले.

जहाजाच्या हेलकाव्यांत लंबकाचे घड्याळ टिकत नाही आणि तापमान बदलले की धातू आकुंचन-प्रसरण पावतो. सुतारकामातून घड्याळांकडे वळलेले जॉन हॅरिसन यांनी या अडचणींवर मात केली. त्यांच्या पहिल्या सागरी घड्याळाची चाचणी १७३६मध्ये, म्हणजे काशीची यंत्रे उभी राहिली त्याच सुमारास, लिस्बनच्या सफरीत झाली. चौथे घड्याळ १७६१मध्ये जमैकाच्या सफरीवर गेले. रोजचा ठरावीक फरक वजा जाता ८१ दिवसांत ते केवळ ५ सेकंद मागे पडले.

अशी घड्याळेही बंदरात तपासून घ्यावी लागत आणि त्यासाठी खात्रीची वेळ लागे. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत १८२६मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापन केली, त्यामागे जहाजांना अचूक वेळ पुरविणे हा एक हेतू होता. १९०६पासून लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ वाराणसीजवळच्या मिर्झापूर भागातून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. त्यामुळे काशीची स्थानिक सरासरी वेळ तिच्यापेक्षा सुमारे २ मिनिटे पुढे, तर मुंबईची सुमारे ३९ मिनिटे मागे असते.

आता जहाजांना स्थान उपग्रहांकडून कळते. तरी मूळ आधार घड्याळाचाच आहे. २०१३मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या भारतीय उपग्रहातील तिन्ही अणुघड्याळे निकामी झाली, तेव्हा कक्षेत असूनही तो स्थाननिश्चितीच्या कामी येईनासा झाला.