ब्युटी पार्लर विमा

केस कापणे, रंगवणे, सरळ करणे, वॅक्सिंग, फेशियल, नखांची निगा इ. सेवा देणाऱ्या व्यवसायासाठी घेतले जाणारे विमासंरक्षण. एकाच पॉलिसीत ते क्वचित पूर्ण होते. आग, चोरी, यंत्रबिघाड, कामगार आणि ग्राहक या पाच बाजूंची कलमे जोडून ते उभे करावे लागते. महाराष्ट्रात अनेक पार्लरांचा पहिला विमा कर्ज देणाऱ्या बँकेच्या आग्रहाने उतरवला जातो. बँकेला तारण ठेवलेल्या खुर्च्या, आरसे आणि यंत्रांची काळजी असते, म्हणून तो आगीचा असतो. ग्राहकाच्या केसाला वा त्वचेला झालेली इजा त्यात येत नाही. पार्लरचा खास धोका मात्र तोच आहे. त्यामुळे पॉलिसी निवडताना जागेच्या क्षेत्रफळाआधी सेवांचे रेटकार्ड पुढे ठेवावे.

मालमत्ता : एका ठिकाणच्या मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू होते. विमा नियामकाने (आयआरडीएआय) ती १ एप्रिल २०२१ पासून आणली. आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणे हे धोके तिच्यात आहेत. चिपळूणची बाजारपेठ २२ जुलै २०२१ रोजी पाण्याखाली गेली, त्या प्रकारचे नुकसानही तिच्या कक्षेत येते. शॉर्टसर्किटबाबत गैरसमज फार. ज्या यंत्रात शॉर्टसर्किट झाले ते यंत्र वगळले जाते. त्यातून पेटलेले फर्निचर आणि शेजारची यंत्रे वगळली जात नाहीत. लेझर किंवा हायड्राफेशियलचे महागडे यंत्र असेल तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा वेगळा घ्यावा लागतो तो यामुळेच.

भाड्याच्या गाळ्यात इमारत मालकाची असते, पण फॉल्स सीलिंग, प्लंबिंग, बेसिन, विजेचे काम हा खर्च पार्लरचालकाचा. प्रस्तावात ‘फर्निचर, फिक्स्चर व फिटिंग’ या सदरात तो स्पष्ट लिहिला नाही तर क्लेमच्या वेळी घरमालक आणि भाडेकरू यांच्यात ओढाताण होते. फर्निचर व यंत्रांची रक्कम नव्याने घेण्याच्या किमतीवर धरावी. विक्रीसाठी ठेवलेले शाम्पू, सीरम मात्र खरेदी किमतीने धरले जातात, छापील किमतीने नव्हे. क्रॉफर्ड मार्केट वा पुण्यातील बोहरी आळीतून रोखीने आणलेल्या मालाची बिले बहुधा फडताळात नसतात. नुकसान तपासणारा सर्व्हेअर पहिल्यांदा तीच मागतो. मोटार वगळता अन्य विम्यांत १ लाख रुपये वा अधिकच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो.

रक्कम कमी दाखवण्याची सवय सर्वांत महागात पडते. मालमत्ता १० लाखांची, विमा ६ लाखांचा आणि नुकसान ३ लाखांचे, तर हाती १ लाख ८० हजारच पडतात, कारण भरपाई ६० टक्क्यांच्या प्रमाणात कापली जाते. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षेत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, म्हणजे याच उदाहरणात साडेआठ लाखांचा विमा पुरला असता. वर्षभरात नवे यंत्र घेतले की रक्कम वाढवून घ्यावी. नूतनीकरणापर्यंत थांबू नये.

याच पॉलिसीत कर्मचारी व पाहुणे यांच्या वैयक्तिक वस्तूंना प्रत्येकी १५ हजार रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त २० जणांसाठी, संरक्षण आहे. तेही आग-पूर अशा धोक्यांपुरते. फेशियलआधी काढून ट्रॉलीवर ठेवलेली अंगठी सापडली नाही तर हे कलम उपयोगाचे नाही.

चोरी, रोकड, काच : जुन्या धाटणीच्या शॉपकीपर्स पॉलिसीत ही कलमे एकत्र मिळतात. काहींत सायकलचेही कलम अजून आहे. घरफोडीच्या कलमाला कुलूप तोडल्याची वा जबरदस्तीने शिरल्याची खूण लागते. नोकराने केलेली अफरातफर फिडेलिटी गॅरंटीत मोडते.

ग्राहकाप्रती जबाबदारी : ओल्या फरशीवरून ग्राहक घसरली, भिंतीवरचा आरसा अंगावर पडला, अशा प्रसंगांसाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी असते. १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याशी तिचा संबंध नाही. तो कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. पार्लरला बिगर-औद्योगिक जोखमीची पॉलिसी लागते. तिच्यात एका अपघाताची आणि वर्षभराची अशा दोन मर्यादा असतात.

कामातल्या चुकीने झालेली इजा, म्हणजे वॅक्स जास्त गरम असणे किंवा रसायन ठरल्यापेक्षा जास्त वेळ ठेवणे, या पॉलिसीतून सहसा ‘व्यावसायिक सेवा’ म्हणून वगळलेली असते. तिच्यासाठी प्रोफेशनल इंडेम्निटी वा सेवाजोखमीची पुरवणी मागावी आणि पुरवणीत सेवांची नावे लिहून घ्यावीत. ‘ब्युटी सर्व्हिसेस’ एवढ्या मोघम शब्दावर समाधान मानू नये. केसांच्या काळ्या रंगातील पॅरा-फेनिलिनडायअमिनची अ‍ॅलर्जी परिचित आहे. रंगाच्या पाकिटावर आधी चाचणी घेण्याची सूचना छापलेली असते. कानामागे थेंब लावून ४८ तास थांबण्याची चाचणी ‘ताई, मी नेहमीच करते’ या उत्तरावर टळते, आणि वहीत तारीख व सही नसेल तर काळजी घेतली हे सिद्ध करणे अवघड जाते. बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना मानेतील रक्तवाहिनी दबून पक्षाघात होऊ शकतो. ‘ब्युटी पार्लर स्ट्रोक सिंड्रोम’ या नावाने त्याचे पाच रुग्ण अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९९३ मध्ये नोंदले गेले. २०२२ मध्ये हैदराबादच्या एका रुग्णामुळे ते नाव भारतातही चर्चेत आले.

भरपाईची मर्यादा किती ठेवावी याविषयी एकमत नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका ग्राहक महिलेचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये २ कोटी रुपयांची भरपाई दिली. उत्पन्न बुडाल्याचा पुरावा नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती रद्द करून प्रकरण परत पाठवले. आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा तेवढीच रक्कम ठरवली आणि प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. गल्लीतल्या पार्लरने या आकड्याने बिचकण्याचे कारण नाही. उपयोगाची बाब दुसरी आहे : ग्राहकाला तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि सेवेचे मोल ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. जबाबदारीच्या पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात. घटना ठरलेल्या पूर्वतारखेनंतरची हवी आणि दावाही पॉलिसी चालू असताना यायला हवा. एक वर्ष विमा घेऊन पुढच्या वर्षी सोडून दिला तर आदल्या वर्षी केलेल्या केराटिन उपचाराची तक्रार अंगावर राहते. कंपनी बदलताना जुनी पूर्वतारीख कायम राहील असे लेखी घ्यावे.

बोटॉक्स, फिलर, लेझर यांसारख्या वैद्यकीय स्वरूपाच्या सेवा पात्र डॉक्टरशिवाय दिल्या असतील तर दावा मान्य होण्याची आशा धरू नये.

कर्मचारी : कामावर मृत्यू वा अपंगत्व आल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कोष्टकानुसार २५ वर्षे वयाच्या आणि १५ हजार रुपये (२०२० साली ठरलेली वेतनमर्यादा) वेतनाच्या कर्मचाऱ्याच्या मृत्यूबद्दल १६,२६,८२५ रुपये होतात. या तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत नोंदलेल्या कर्मचाऱ्यासाठी या जबाबदारीची वेगळी पॉलिसी लागत नाही. कमिशनवर खुर्ची घेणाऱ्या किंवा लग्नसराईत रोजावर येणाऱ्या मुली ‘कर्मचारी’ ठरतात की नाही हे करारावर व प्रत्यक्ष कामाच्या पद्धतीवर अवलंबून असते. त्यांची नावे विमा कंपनीला कळवून ठेवणे बरे.

उत्पन्नतोटा : मालमत्तेच्या प्रत्यक्ष नुकसानीमुळे धंदा थांबला तरच मिळतो; म्हणून मार्च २०२० ते जून २०२० ची कोविड टाळेबंदी त्यात बसली नाही.

घरातील पार्लर : घरगुती पॉलिसीत धंद्याचे सामान धरले जात नाही. गुमास्ता (दुकाने व आस्थापना) नोंदीतील आणि प्रस्तावातील पत्ता एकच असावा.

हप्ता : दर जागा, सेवा आणि मागील क्लेम यांवर ठरतो. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटाच्या हाती दिलेला चेक म्हणजे पॉलिसी नव्हे. दुकानाच्या विम्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनसेवेवरील कर ५ टक्के झाला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) गेली. त्यामुळे हप्त्यावरचा कर आता पार्लरचा निव्वळ खर्च आहे.

तंटे : एकमालकी व सूक्ष्म व्यवसायांना आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून, विनाशुल्क दाद मागता येते.